मासा गेला, जबडा उरला

शेंद्र्याहून समुद्र गाठायचा तर रस्त्याने तीनशेहून अधिक किलोमीटर तुडवावे लागतात. जालना रस्त्यावरचे हे गाव मांगीरबाबाच्या जत्रेसाठी पंचक्रोशीत ठाऊक. अलीकडे औद्योगिक वसाहतीने त्याचे नाव दूरवर नेले. इथल्या ताटात मासा आलाच तर तो बहुधा जायकवाडीचा किंवा जवळच्या तलावाचा. अशा ठिकाणी कुणी शार्क आणि पाकटांच्या जबड्यांच्या संग्रहाचा विषय काढला, तर घरातली वडीलधारी माणसे विचारतील, ‘हे कुठले नसते उद्योग?’

प्रश्न रास्त आहे. पण शार्कचे आणि मराठवाड्याचे नाते वाटते तितके दूरचे नाही. ते एकदा काचेच्या बरणीत सापडते आणि एकदा पायाखालच्या काळ्या कातळात.

आधी बरणी पाहू. ज्यांनी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतले होते, त्यांना फॉर्मॅलिनचा तो डोळे चुरचुरवणारा वास आजही आठवत असेल. त्या वासात बुडालेला, करड्या रंगाचा, टोकदार नाकाचा मासा म्हणजे स्कोलिओडॉन. मुंबईच्या कोळणींची ही मुशी, मालवणकडची मोरी. लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजातील ई. एम. थिल्लैयंपलम यांनी १९२८ मध्ये या माशाच्या शरीररचनेवर सविस्तर पुस्तक लिहिले आणि पुढे विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्याच वाटेने शिकल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये महाविद्यालयांतील प्राण्यांचे विच्छेदन थांबवले. त्याआधी समुद्र न पाहिलेल्या मुलांनीही या माशाचा जबडा चिमट्याने उघडून पाहिला होता.

जबडाच का?

वाघ मेला तर त्याचा सांगाडा उरतो. शार्क मेला की फारसे काही उरत नाही. शार्क आणि पाकट यांच्या अंगात हाड नसतेच. सारा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानात असते तशा लवचीक पदार्थाचा. तो कुजतो, विरघळतो. टिकतात ते दात, आणि माणसाने काळजीपूर्वक वाळवून ठेवला तर जबडा. जबड्याच्या कूर्चेवर चुन्याच्या कणांची बारीक फरसबंदी असते, म्हणून तो जरा कणखर असतो.

दातांची तऱ्हाही न्यारी. आपले दात हाडात रुतलेले असतात. शार्कचे दात जबड्यावरच्या कातड्यासारख्या पडद्यात बसवलेले असतात. पुढची ओळ झिजली वा तुटली की मागची पुढे सरकते. जबडा आतून पाहिला तर मागे आडव्या झोपलेल्या दातांच्या रांगा दिसतात, शाळेच्या प्रार्थनेसाठी उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या, आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या. एक शार्क आयुष्यभरात हजारो दात टाकतो.

वेगवेगळ्या जातींचे जबडे शेजारी मांडले की खरी गंमत कळते. वाघशार्कचा दात कोंबड्याच्या तुऱ्यासारखा वाकडा आणि करवतीसारख्या कडांचा. कासवाची पाठही त्याला कापता येते. माको शार्कचे दात लांब, सुळ्यासारखे. निसटत्या माशाला टोचून धरण्यासाठी. बुल शार्कचे वरचे दात रुंद त्रिकोणी आणि खालचे निमुळते. खालच्यांनी धरायचे, वरच्यांनी कापायचे, जणू काटा आणि सुरी. आणि जगातला सर्वांत मोठा मासा जो व्हेल शार्क, त्याला सुमारे तीन हजार दात असूनही प्रत्येक दात इतका लहान की त्याचा चावण्याला काही उपयोग नाही. तो पाणी गाळून जगतो.

पाकटांकडे वळलो की सुऱ्या संपतात आणि जाते-पाटा सुरू होतो. गरुड पाकटाच्या तोंडात दात नव्हेतच, सपाट लाद्या. शिंपले, कालवे त्यात घालून भरडायचे. साध्या पाकटाचे दात खसखशीसारखे बारीक. करवत माशाची करवत मात्र जबडा नव्हे. ते त्याचे लांबलेले नाक. खरे तोंड खाली असते आणि त्यातले दात अगदी लहान. थोडक्यात, जबडा पाहिला की जनावर काय खात होते हे कळते, आणि काय खात होते हे कळले की ते समुद्रात कुठे राहत होते याचा अंदाज येतो.

हा जबडा टिकवणे हे मात्र चिकाटीचे काम. मांस सुरीने खरवडून काढायचे. उकळण्याची घाई केली तर कूर्चा आकसते आणि दात सुटून येतात. म्हणून थंड पाण्यात भिजवून, पुन्हा पुन्हा साफ करून, मग काड्यांचा आधार देऊन जबडा उघडा ठेवत सावलीत वाळवायचा. आधार दिला नाही तर वाळताना तो पापडासारखा वेडावाकडा होतो. पुढे पावसाळ्यातली बुरशी आणि किडे आहेतच. आणि वास! घरातल्या मंडळींची खरी कसोटी तिथे लागते.

दाताने सांगितलेले खडकाचे वय

इटलीत लिव्होर्नोजवळ १६६६ मध्ये कोळ्यांनी एक अजस्र शार्क पकडला. त्याचे डोके फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या डॅनिश वैद्याकडे धाडण्यात आले. तोवर युरोपात डोंगरांत सापडणाऱ्या त्रिकोणी दगडांना ‘जिभेचे दगड’ म्हणत आणि सापाच्या विषावर उतारा म्हणून ते गळ्यात बांधत. स्टेनोने जबडा पाहिला, दगड पाहिला, आणि ते शार्कचेच दात असल्याचे १६६७ मध्ये लिहून काढले. मग समुद्री माशाचे दात डोंगरात कसे? या एका प्रश्नातून खडकांचे थर वाचण्याचे शास्त्र उभे राहत गेले.

आता आपल्या पायाखालचा कातळ पाहा. शेंद्र्याची विहीर खणा नाही तर वेरूळचे लेणे पाहा, खडक तोच: लाव्हारसाचा काळा बेसाल्ट. हा लाव्हा थरावर थर असा वाहिला आणि मधल्या विसाव्याच्या काळात तळी, दलदली तयार झाल्या. त्यांचा गाळ दोन थरांमध्ये अडकून राहिला. एकेकाळी औरंगाबादप्रमाणेच निजामाच्या राज्यात असलेल्या आसिफाबादजवळ अशाच गाळात पाकटांचे दात सापडले, अवघ्या काही मिलिमीटरचे. जी. व्ही. आर. प्रसाद आणि फ्रान्सचे हेन्री कापेटा यांनी १९९३ मध्ये त्यांचे वर्णन करून त्या पाकटाला इग्डाबाटिस इंडिकस असे नाव दिले. याच कुळातला पाकट आफ्रिकेतील नायजरमध्ये डायनासोरांच्या अखेरच्या काळातल्या खडकांत आधीच मिळाला होता. तेव्हा आपला लाव्हाही त्याच सुमारास वाहू लागला होता, या निष्कर्षाला मोठे बळ मिळाले. दख्खनच्या पठाराचे वय सांगायला साक्षीदार कोण, तर पाकटाचा दात!

चिठ्ठी नसेल तर शोभेची वस्तू

पण साक्षीदाराला गाव आणि तारीख विचारावी लागते. आसिफाबादचा दात कुठल्या थरातून निघाला हे लिहून ठेवले होते म्हणून तो बोलला. जबड्यांचेही तसेच. कोणत्या बंदरावर, कोणत्या दिवशी, किती लांबीच्या माशाचा, नर की मादी, एवढी चार अक्षरांची चिठ्ठी सोबत असेल तर जबडा हा दस्तऐवज. नसेल तर भिंतीवरची शोभा.

याचे मोल काय, ते पाहा. येमेनच्या किनाऱ्यावर १९०२ मध्ये मिळालेला एक लहान शार्क व्हिएन्नाच्या संग्रहालयात पडून होता. ती वेगळी जात आहे हे १९८५ मध्ये ओळखले गेले, आणि जगात त्या जातीचा तेवढाच एक नमुना माहीत होता. २००८ मध्ये कुवेतच्या मासळीबाजारात ती पुन्हा दिसली. जुना नमुना जपलेला नसता तर बाजारातल्या माशाला कुणी ओळखले असते? आपल्याकडचा पाँडिचेरी शार्क इतका नशीबवान ठरलेला नाही. संग्रहालयांत त्याचे वीसही नमुने नाहीत आणि शेवटची नोंद आहे १९७९ ची.

मुंबईच्या ससून डॉकमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये २६६ सेंटिमीटर लांबीची एक मादी शार्क उतरली. ती निघाली अतिदुर्मीळ गंगा शार्क. अरबी समुद्राच्या परिसरातली ही दहा वर्षांहून अधिक काळातली पहिली खात्रीशीर नोंद. बुल शार्क आणि गंगा शार्क यांची गल्लत जाणकारांचीही होत आली आहे. पहाटेच्या लिलावात, बर्फ आणि गोंगाटात, तो फरक पाहणारी नजर तिथे होती म्हणून ही नोंद झाली. किती वेळा ती नसेल?

हौसेला कुंपण

म्हणूनच आज या छंदाला वेगळे वळण द्यायला हवे. २००१ मध्ये केंद्र सरकारने आधी व्हेल शार्कला आणि त्याच वर्षी आणखी नऊ जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. त्यांत करवत मासे आहेत, गंगा शार्क आणि पाँडिचेरी शार्कही आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने, जी एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ही यादी वाढली. अशा प्राण्याचा जबडा, दात किंवा करवत विकत घेणे, विकणे, परवानगीविना घरात ठेवणे हा गुन्हा आहे. आजोबांच्या काळातली एखादी करवत माळ्यावर असेल, तर ती परस्पर विकण्यापेक्षा वनखात्याला विचारलेले बरे.

जगातल्या शार्क आणि पाकटांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती आज धोक्यात आहेत. उशिरा वयात येणारे, थोडी पिले देणारे हे जीव. जाळ्यात गेले तितक्या वेगाने भरून येत नाहीत. एके काळी करवत मासा किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या ओळखीचा होता. आता तो जाळ्यात आला की वर्तमानपत्रात बातमी होते.

अशा वेळी जबडा गोळा करणाऱ्याने हात आखडता घ्यावा, पण डोळे मिटू नयेत. सुट्टीत कोकणात गेलात तर बंदरावर मुलांना न्या. मासा ओतला जातो तेव्हा तोंडाचे, दातांचे छायाचित्र घ्या, तारीख आणि बंदराचे नाव लिहा, कोळीदादाला त्याचे स्थानिक नाव विचारा. मुशी, मोरी, पाकट, रांजा ही नावेही संग्रहच आहेत. आणि कॉलेजच्या कपाटात धूळ खात पडलेल्या जुन्या बरण्या टाकून देण्याआधी त्यांवरच्या पिवळ्या चिठ्ठ्या कुणीतरी वाचाव्यात. उद्या समुद्रात काय नाही हे ठरवताना, काल काय होते हे त्याच चिठ्ठ्या सांगणार आहेत.