दूरचा हात, घरचा संगणक

पेठेत दुकान आणि सिंहगड रस्त्याच्या टोकाला घर, अशी व्यवस्था पुण्यातील अनेक व्यापारी कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत स्वीकारली आहे. खडकवासला २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले. धरणाकाठची मोकळी हवा आणि पेठांच्या मानाने ऐसपैस घर यांमुळे तेथील वस्ती त्याआधीच वाढू लागली होती. माल, गिऱ्हाईक आणि गल्ला भवानी पेठेत किंवा मार्केट यार्डात. हिशेबाचा संगणक मात्र घरी, वडिलांच्या टेबलावर. दुपारी एखाद्या ग्राहकाकडून किती येणे आहे हे पाहायचे झाले, तर तेवढ्यासाठी सिंहगड रस्त्याची वाहतूक पार करून घर गाठणे आणि पुन्हा दुकानात येणे कोणालाच परवडत नाही.

अशा वेळी मुलगा दुकानातल्या संगणकावरून घरचा संगणक चालवतो. सनदी लेखापाल आपल्या कार्यालयातून त्याच संगणकावर विवरणपत्र तपासतात. परदेशी गेलेली लेक तेथून आईच्या संगणकातील बिघाड दुरुस्त करून देते. या सोयीला दूरनियंत्रण किंवा बोलीभाषेत ‘रिमोट’ म्हणतात. ती उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु आपण नेमके काय देत आहोत, हे देणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

हे घडते कसे?

यात गूढ काही नाही. घरच्या संगणकाच्या पडद्यावर जे दिसते, त्याचे चित्र इंटरनेटवरून दुसऱ्या संगणकाकडे सतत जात राहते. आणि तिकडे दाबलेली प्रत्येक कळ, माऊसची प्रत्येक हालचाल उलट दिशेने घरी येते. काम घरच्याच यंत्रावर होते, हात तेवढा दूरचा असतो. म्हणून घरचा संगणक चालू असावा लागतो. तो झोपी गेला किंवा वीज गेली, तर दूरचा माणूस दाराशीच अडतो.

ही विद्या नवी नाही. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विंडोज एक्सपीच्या व्यावसायिक आवृत्तीत ही सोय अंतर्भूत केली. आजही विंडोजच्या ‘प्रो’ आवृत्तीचा संगणक या अंगभूत सोयीने दुरून चालवता येतो, ‘होम’ आवृत्तीचा नाही. घरगुती वापरात म्हणूनच टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप अशा स्वतंत्र सॉफ्टवेअरचा प्रसार झाला. त्यांपैकी काहींत घरच्या संगणकावर एक क्रमांक उमटतो. तो क्रमांक दुसऱ्याला सांगितला आणि पडद्यावरील ‘परवानगी द्या’ या शब्दांवर बोट ठेवले, की दार उघडते.

आणि दार केवळ हिशेबाच्या खोलीचे उघडत नाही. ज्या संगणकावर टॅली आहे, त्याच संगणकावर बहुधा नेट बँकिंग असते, ई-मेल असते, आधार-पॅनच्या प्रती असतात, घरातील लग्नाची छायाचित्रे असतात. ज्याला आपण एक वही दाखवायला बोलावले, त्याच्या हाती सगळ्या वाड्याच्या किल्ल्या येतात.

आपल्या आचार्यांनी हे जाणले होते

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे आणि त्याहून सूक्ष्म असे देशव्रत आहे. श्वेतांबर परंपरेत त्याला देशावकाशिक म्हणतात. दिग्व्रतात दिशांची मर्यादा घालून घ्यायची. देशव्रतात ती मर्यादा ठरावीक काळासाठी आणखी आखडून घ्यायची: आज एवढ्याच क्षेत्रात, एवढ्याच वेळेपुरता माझा व्यवहार.

तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. मर्यादेबाहेरची वस्तू मागवून घेणे, आपल्याऐवजी नोकराला बाहेर पाठवून काम करवणे, आवाज देऊन बाहेरच्या माणसाला खूण करणे, आपले रूप दाखवून त्याला सूचना देणे आणि खडा वगैरे फेकून त्याचे लक्ष वेधणे, हे ते पाच. पाऊल मर्यादेच्या आतच आहे, तरी व्रताला दोष लागतो. माणूस जागेवरून न हलता दूरचे कार्य घडवू शकतो, आणि तसे घडवले तरी त्याची जबाबदारी त्याचीच राहते, हे वीज आणि तार यांच्या कित्येक शतके आधी सांगून ठेवलेले आहे. पौषधाला बसून मुलाकरवी दुकानाचा सौदा करवणारा श्रावक स्वतःची समजूत काय घालणार?

याच विचारातून कृत, कारित आणि अनुमोदित असे कर्माचे तीन प्रकार मानले गेले: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसरा करत असता संमती दिलेले. संगणकाच्या पडद्यावरील परवानगीचे बटण म्हणजे आपली अनुमोदना होय. ती न वाचता, न विचारता देऊ नये.

अनुमोदना कशी काढून घेतली जाते

भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कचा वापर करून होणाऱ्या फसवणुकीबाबत बँकांना सावध केले. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. प्रामाणिक कामासाठी तयार केलेले साधन लबाडाच्या हाती लागले होते. रीत ठरलेली आहे. फोन येतो. ‘आपले केवायसी अपूर्ण आहे, खाते आज बंद होईल’ किंवा ‘बिल भरलेले दिसत नाही, रात्री वीज तोडली जाईल’ असे सांगितले जाते. समोरचा माणूस सभ्यपणे बोलतो आणि मदतीची तयारी दाखवतो. मदतीसाठी एक छोटे अ‍ॅप उतरवून घ्या, त्यातील क्रमांक सांगा, एवढेच मागणे असते. नंतर ‘खात्री करण्यासाठी’ दहा रुपये भरायला लावतात. ते भरताना आपण टंकलेला पासवर्ड आणि पडद्यावर आलेला ओटीपी तिकडे स्पष्ट दिसत असतो.

पूर्वी ओटीपी कोणालाही सांगू नका, अशी शिकवण होती. आता तो सांगण्याची गरजच उरलेली नाही. आपला पडदाच तो सांगतो. मोबाईल असो की संगणक, यात फरक नाही.

अशा हल्ल्याला केवळ घरगुती माणूसच बळी पडतो असेही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये दोन दिवसांच्या हल्ल्यांत काढून घेण्यात आले. तिजोरी कोणी फोडली नाही. एटीएमकडून येणारी विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत न पोहोचता एका बनावट यंत्रणेकडे वळवली गेली, आणि ती बँकेच्या नावाने होकार देत राहिली. २८ देशांतील एटीएममधून रक्कम निघाली. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ आरोपींना दोषी ठरवले. घरच्या संगणकाची गोष्ट लहान असली, तरी सूत्र तेच: आपल्या नावाने होकार देण्याचा अधिकार परक्याच्या हाती गेला, की पुढचे सारे आपोआप घडते.

सोय सोडू नये, मर्यादा घालावी

पावसाळ्यात खडकवासला धरण भरले की मुठेत विसर्ग सुरू होतो. किती क्युसेक पाणी सुटणार हे जाहीर होते आणि नदीकाठच्या लोकांना इशारा दिला जातो. दरवाजा आहे म्हणून तो कोणीही, कधीही उघडत नाही. घरच्या संगणकालाही हीच शिस्त हवी.

पहिली मर्यादा व्यक्तीची. आपण स्वतः फोन करून ज्याला बोलावले, त्यालाच प्रवेश द्यावा. ज्याने आपल्याला फोन केला, त्याला कधीही देऊ नये. कोणतीही बँक किंवा वीज कंपनी आपल्या यंत्राचा ताबा मागत नाही.

दुसरी मर्यादा वस्तूची. मुलाला केवळ येणे-देणे पाहायचे असेल, तर संपूर्ण संगणक कशाला हवा? टॅली प्राइममध्ये अहवाल ब्राउझरवर पाहण्याची वेगळी सोय आहे. आवश्यक तेवढेच घ्यावे हा अपरिग्रहाचा विचार येथे शब्दशः लागू पडतो. हिशेबनिसासाठी टॅलीत स्वतंत्र नाव आणि मर्यादित अधिकार ठेवावेत. शक्य असेल तर नेट बँकिंग दुसऱ्या यंत्रावर करावे.

तिसरी मर्यादा काळाची. काम संपले की जोडणी तोडावी, अ‍ॅप बंद करावे. कायमचा पासवर्ड देऊन ठेवण्याची पद्धत अपरिहार्य असेल तरच वापरावी. त्या पासवर्डला मोबाईलवरील दुसऱ्या खात्रीची जोड द्यावी आणि हिशेबनीस बदलला की त्याच दिवशी पासवर्डही बदलावा. विंडोजची अंगभूत सोय इंटरनेटवर उघडी ठेवणे तर फारच धोक्याचे. माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारे अशीच उघडी दारे शोधत फिरतात. जाणकाराकडून व्हीपीएनची व्यवस्था करून घ्यावी आणि हिशेबाची एक प्रत संगणकापासून वेगळी, कपाटात ठेवावी.

चौथी मर्यादा साक्षीची. दूरचा हात चालू असताना घरातील कोणीतरी पडद्यासमोर बसावे. त्या वेळी बँकेचे पान उघडू नये.

घटना घडलीच तर

सर्वप्रथम इंटरनेट तोडावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि कार्ड रोखावे. लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करावी आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर ती नोंदवावी. तक्रार लवकर गेली, तर पैसे पुढच्या खात्यातून निघण्यापूर्वी अडवण्याची शक्यता असते.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने जबाबदारीची वाटणी केली. दोष ना ग्राहकाचा ना बँकेचा, अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवल्यास ग्राहकावर भार नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास मर्यादित भार. परंतु ग्राहकानेच गुप्त माहिती दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. सध्या लागू असलेल्या मर्यादा आपल्या शाखेतून समजून घ्याव्यात. मात्र ‘कळवेपर्यंत’ हा शब्द प्रत्येक घरात ठाऊक असावा.

आणि येथेच खरी अडचण आहे. बँकेच्या नोकरीत असताना अशा प्रसंगी शाखेत आलेली वडीलधारी माणसे मी पाहिली आहेत. पैसे गेल्याचे दुःख त्यांना होतेच, परंतु त्याहून मोठी भीती मुलगा काय म्हणेल याची असे. चाळीस वर्षे पेढी सांभाळलेला गृहस्थ खालच्या आवाजात विचारी, ‘घरी कळवावे लागेल का?’ त्या संकोचात एक रात्र जाई, कधी दोन दिवस जात. लबाडाला हवा असतो तो हाच अवधी.

म्हणून तरुण मंडळींना विनंती की वडिलांना अ‍ॅप वापरायला शिकवण्यापूर्वी एक अभय द्यावे: चूक झाली तर त्याच क्षणी सांगा, घरात कोणी रागावणार नाही. दोष लपवण्यापेक्षा गुरूंसमोर त्याची आलोचना करावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती आलोचना घरातल्या घरात निर्भयपणे करता यावी, एवढा मोकळेपणा आधी निर्माण करावा लागतो. दूरच्या हाताने घरात काय करावे याची मर्यादा आपण ठरवू शकतो. ती मोडली गेल्याचे सांगणारा आवाज मात्र घरातूनच, आणि वेळेवर यायला हवा.