नाव नसलेले रकाने

आमच्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या मंडळाच्या वहीत एका नावापुढे मी स्वतःच्या हातानं शेरा मारला होता : 'अर्ज आला नाही.' मदतनिधी वाटपाची बैठक होती, चहा यायचा होता, आणि मी पुढच्या नावाकडे वळलो.

ते नाव माझ्या जुन्या हेड कॅशियर मित्राचं. एका शाखेत आम्ही चार वर्षं मिळून स्ट्राँगरूम सांभाळली. तिजोरीची एक किल्ली त्याच्याकडे, दुसरी माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नसे. काचबिंदूनं आता त्याची दृष्टी गेली आहे. औषधपाण्याचा खर्च मोठा. तरी अर्ज नाही म्हटल्यावर मी मनाशी ठरवून टाकलं, मानी माणूस आहे, मागायचं नसेल.

फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अरे, तीनदा बसलो अर्ज भरायला. तुमची ती वेबसाइट मला काही सांगेचना."

वेबसाइट माझ्या पुतणीनं फुकट करून दिलेली. दिसायला इतकी सुबक, की आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. पण मित्र ती बघत नाही, ऐकतो. एनव्हीडीए नावाचा, ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झालेला विनामूल्य स्क्रीन रीडर त्याला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. आमच्या अर्जावर आला की तो नुसता म्हणे, "एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक." कुठला रकाना नावाचा, कुठला खातेक्रमांकाचा, पत्ता नाही.

पुतणीला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. "काका, थांबा," म्हणाली, आणि लॅपटॉपवर 'वेव्ह' नावाचं एक ॲड-ऑन चढवलं. ॲड-ऑन म्हणजे ब्राउझरला जोडलेली पुरवणी. आपण हातात धरली आहे तशीच, मूळ अंकाला जोडून येणारी. हे वेव्ह अमेरिकेतल्या 'वेबएम' या संस्थेचं. तिनं बटण दाबलं आणि आमच्या देखण्या पानावर लाल खुणांचा सडा पडला. कडक इन्स्पेक्टरनं लेजरवर शाईची दौत लवंडावी तसा.

प्रत्येक लाल खुणेचं म्हणणं एकच : या रकान्याला लेबल नाही. 'खातेक्रमांक' हे शब्द चौकटीशेजारी छापलेले होते, पण आतल्या संकेतलेखनात ते त्या चौकटीला बांधलेले नव्हते. डोळा शेजारीपणावरून नातं जोडतो. कानाला शेजारी नसतो.

दुसरी चूक अक्षरांच्या रंगाची. पांढऱ्यावर काळ्या अक्षराचं तफावत-गुणोत्तर २१ला १ असतं. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला जागतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान ४.५ला १ हवं. आमच्या सूचनांचा करडा रंग भरला ४.४८. पुतणी म्हणाली, "एवढंसंच तर आहे." दोन पैशांच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत शाखेत बसलेला माणूस मी. रंग बदलायला लावला.

या पुरवण्यांचा इतिहासही तिच्याकडूनच कळला. ख्रिस पेडरिक यांचं 'वेब डेव्हलपर' २००३चं. ते पानावरची सजावट, चित्रं एकेक करून काढून दाखवतं. साडी-दागिने उतरवल्यावर उभी राहते ती इमारत की नुसता मांडव, ते कळतं. जो ह्यूइट यांचं 'फायरबग' २००६ साली फायरफॉक्ससाठी आलं, आणि चालू पानाच्या पोटात हात घालून चूक शोधणं सोपं झालं. २०१७मध्ये ते थांबलं, कारण तोवर त्याचे गुण ब्राउझरच्या स्वतःच्या साधनांत मुरले होते. संगणकावर एफ-१२ दाबून पाहा, बहुतेक ब्राउझरांत ती साधनं उघडतात. काही बिघडत नाही. खिडकी बंद केली की झालं.

बिघडू शकतं ते दुसरीकडे. ऑगस्ट २०१७मध्ये पेडरिक स्वतःच एका फसव्या ईमेलला बळी पडले. त्यांच्या खात्यात शिरलेल्यांनी क्रोमवरच्या 'वेब डेव्हलपर'ची दूषित आवृत्ती परस्पर पाठवून दिली, आणि लोकांच्या पानांवर नको त्या जाहिराती उगवू लागल्या. वापरणारे दहा लाखांहून अधिक होते. पेडरिकांनी लगोलग दुरुस्ती केली, चूकही उघड कबूल केली. पण वाचताना माझ्या पोटात गोळा आला. एवढी मोठी तिजोरी, आणि किल्ली एकच!

ॲड-ऑन चढवताना ब्राउझर विचारतो, सर्व वेबसाइटवरची तुमची माहिती याला वाचू द्यायची का, बदलू द्यायची का? आपण न वाचता 'हो' म्हणतो. शाखेत कोरं व्हाउचर सही करून देणाऱ्याला आम्ही काय म्हणत असू ते इथे छापता येणार नाही. पुतणीनं आता या कामासाठी ब्राउझरमध्ये वेगळी प्रोफाइल ठेवली आहे. नेटबँकिंग त्यात करायचं नाही, हा माझा हुकूम.

तर, दुरुस्त्या झाल्या, वेव्हनं शून्य चुका दाखवल्या, मी हर्षभरानं मित्राला फोन लावला. त्यानं अर्ज भरला. दहा मिनिटांनी त्याचाच फोन.

"पाठवला. पण पोचला की नाही ते कसं कळायचं?"

पडद्यावर हिरवी चौकट आली होती : 'अर्ज मिळाला.' ती वाचून दाखवायला स्क्रीन रीडरला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि शून्य चुकांच्या त्या अहवालात याचा उल्लेखही नव्हता. एका सहलीच्या छायाचित्राला 'वार्षिक सभा' असं वर्णन जोडलेलं, तेही बिनतक्रार पास. व्हाउचरवर सही आहे एवढं यंत्र बघतं. कुणाची आहे, ते नाही.

त्याच्या अर्जाला मुदतीनंतर मंजुरी मिळाली. बैठकीत मी माझ्या शेऱ्यावर काट मारली आणि शेजारी खरं कारण लिहिलं. नवं पान लोकांपुढे ठेवण्याआधी पुतणी आता ॲड-ऑन चालवते आणि मग त्याला फोन करते. मे महिन्याच्या सहलीचं पान त्यानं अजून पास केलेलं नाही. तारखेच्या रकान्यात माउसशिवाय शिरता येतं, म्हणतो, पण बाहेर पडता येत नाही.