एकाच जिल्ह्यात पाच हजार आणि सव्वाचारशे

घाटघर सुमारे ५,००० मिलिमीटर, भंडारदरा ३,०००, अकोले शहर ५००च्या आसपास, संगमनेर जेमतेम सव्वाचारशे. वर्षभराच्या पावसाचे हे आकडे एकाच अहिल्यानगर जिल्ह्यातले आणि जवळजवळ एकाच अक्षांशावरचे आहेत. घाटघर ते संगमनेर सरळ रेषेत साठेक किलोमीटर. तेवढ्यात पाऊस बारा पटींनी घटतो. जिल्ह्याची सरासरी पावणेसहाशेच्या आत-बाहेर सांगतात. घाटघरकर तेवढा पाऊस जुलैच्या दहा-बारा दिवसांत बघतो, संगमनेरकराला तो क्वचितच मिळतो.

कारण सह्याद्रीची भिंत. अरबी समुद्रावरून आलेला वारा कोकणकड्याला धडकून वर चढतो आणि थंड होतो. २५ अंशांची एक घनमीटर हवा सुमारे २३ ग्रॅम बाष्प धरते, १५ अंशांची फक्त १३. उरलेले बाष्प कड्यावर आणि त्यामागच्या डोंगरांवर कोसळते. कळसूबाई १,६४६ मीटर, हरिश्चंद्रगड १,४००हून उंच. ही रांग ओलांडली की वारा खाली उतरतो, तापतो आणि ढग विरतात. म्हणून डांगाणात, म्हणजे अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ पट्ट्यात, भाताची आवणी चालू असते तेव्हा पठारावरचा शेतकरी बाजरीसाठी आभाळाकडे डोळे लावून असतो. अहिल्यानगर शहराकडे तर सर्वांत ओला महिना जुलै नव्हे, सप्टेंबर. तिकडे मुख्य भरवसा परतीच्या, गडगडाटी पावसावर.

हेच गणित बेटांवर जास्त ठळक दिसते, कारण तिथे भिंतीच्या दोन्ही बाजू एका नजरेत मावतात. हवाईच्या मोठ्या बेटावर ईशान्येकडून व्यापारी वारे येतात. वाऱ्याच्या बाजूच्या हिलो शहरात वर्षाला सुमारे ३,२०० मिलिमीटर पाऊस, तर पलीकडच्या कावाइहाए बंदरात २५०च्या आसपास. अंतर शंभर किलोमीटरच्या आतच. मधे ४,२०७ मीटरचा मौना केआ उभा आहे.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते उसाचे साम्य. शेजारच्या माउई बेटावर ऊस कोरड्या मैदानात लावला गेला, कारण ऊन तिथे होते. पाणी मात्र ओल्या उतारावरून पाटाने आणले, पहिला मोठा पाट १८७८ सालचा. आपल्याकडे प्रवरा नदीवरच्या भंडारदरा धरणाचे काम १९१०मध्ये सुरू झाले आणि १९२६मध्ये पुरे झाले. प्रवरेचे कालवे डोंगरामागच्या कोरड्या पर्जन्यछायेत उतरले आणि १९५०-५१मध्ये लोणीच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. ज्या पट्ट्यात पाऊस साडेचारशेच्या आसपास, तिथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी मागणारे पीक उभे राहिले.

या पाण्याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. भंडारदऱ्याची साठवण ११ टीएमसी, म्हणजे सुमारे ३१ कोटी घनमीटर. एक थेंबही न मुरता वा न उडता सगळा पाऊस धरणात आला असे धरले, तर ३,००० मिलिमीटरच्या प्रदेशात १०४ चौरस किलोमीटर पुरतील. ५०० मिलिमीटरच्या प्रदेशात ६२४ लागतील. प्रत्यक्षात कोरड्या बाजूला बहुतेक पाऊस जमीनच पिऊन टाकते, त्यामुळे तेवढ्यानेही भागणार नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ओल्या बाजूचा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि बेसाल्टच्या तीव्र उतारांवरून वाहून जातो. डांगाणातल्या अनेक वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते, धरणे उशाला असूनही. माउईवरचा शेवटचा साखर कारखाना २०१६च्या डिसेंबरात बंद झाला आणि पाटाच्या पाण्यावर हक्क कोणाचा, हा वाद तिथे अजून चालू आहे. प्रवरेच्या खोऱ्यात हा प्रश्न पाणलोटातल्या गावांच्या बाजूने पुरेशा जोराने विचारलाच गेला नाही, असे माझे मत आहे.

निदान मोजणी तरी नीट व्हावी. २०२३ साली राज्याने आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. मग हजाराहून अधिक महसुली मंडळांना दुष्काळसदृश ठरवले, तेव्हा मंडळाचा पाऊस बघितला गेला. अकोल्यासारख्या तालुक्यात हीच पद्धत योग्य, कारण घाटघरचा पाऊस मिसळला की पूर्वेकडच्या कोरड्या गावांची तूट झाकली जाते. तालुक्याचा आकडा पुढे आला की पर्जन्यमापक कोणत्या गावचे, ते आधी विचारा.