निळ्या बाळाचे ऑपरेशन आणि गरिबाचा हक्क

लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना दोन डॉक्टरांची नावे हटकून घेतली जातात, आल्फ्रेड ब्लेलॉक आणि हेलन टॉसिग. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४४ रोजी एका १५ महिन्यांच्या मुलीवर शस्त्रक्रिया झाली आणि जन्मतःच हृदयात दोष असलेल्या, ओठ-नखे निळी पडणाऱ्या बाळांना जगण्याचा मार्ग खुला झाला. या शस्त्रक्रियेला जगभर ‘ब्लेलॉक-टॉसिग शंट’ असे नाव पडले. परंतु त्या दिवशी ब्लेलॉक यांच्या खांद्यामागे स्टुलावर उभा राहून, टाका कुठे आणि कसा घालायचा हे सांगणारा एक तिसरा माणूस होता. तो डॉक्टर नव्हता आणि तो कृष्णवर्णीय होता. व्हिव्हियन थॉमस हे त्यांचे नाव.

थॉमस यांचा जन्म १९१० चा. मूळचे सुतारकाम करणारे. डॉक्टर व्हायचे म्हणून पै-पै साठवली होती, ती मंदीत बँक बुडाली तेव्हा बुडाली. १९३० साली नॅशव्हिल येथील व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठात ते ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम संशोधकाचे, पण कागदावर पद मात्र सफाई कामगाराचे आणि पगारही त्याच पदाचा! आपल्यापैकी ज्यांनी सरकारी-निमसरकारी आस्थापनांची हजेरीपटे पाहिली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. पदनाम एक, काम दुसरे आणि श्रेय तिसऱ्याचे, ही रीत काही अमेरिकेने एकटीने शोधलेली नाही.

निळ्या बाळांच्या या आजारात हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते आणि फुफ्फुसाकडे रक्त नेणारा मार्ग अरुंद असतो. त्यामुळे रक्त पुरेसे शुद्ध न होताच शरीरभर फिरते. हाताकडे जाणारी एक रक्तवाहिनी वळवून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडली तर फुफ्फुसात जास्त रक्त पोहोचेल, हा उपाय सुचला. पण सुचणे वेगळे आणि बोटाएवढ्याही जाड नसलेल्या नळ्या एकमेकींना शिवणे वेगळे. थॉमस यांनी जवळजवळ २०० कुत्र्यांवर प्रयोग करून आधी तो आजार निर्माण केला आणि मग त्यावरची शस्त्रक्रिया बसवली. लागणारी बारीक हत्यारेही त्यांनीच घडवून घेतली. सुताराचा हात तेथे कामी आला असे मला नेहमी वाटते. ब्लेलॉक यांचा स्वतःचा हात या शस्त्रक्रियेवर फारसा बसलेला नव्हता, म्हणूनच तर ते स्टूल ठेवावे लागले. १९४५ साली अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात ब्लेलॉक आणि टॉसिग यांचा लेख आला. त्यात थॉमस यांचे नाव नव्हते. पोट भरत नाही म्हणून ते ब्लेलॉक यांच्या घरच्या मेजवान्यांत पेले भरण्याचे काम करीत. ज्या तरुण डॉक्टरांना दिवसा शस्त्रक्रिया शिकवली, त्यांनाच रात्री दारू वाढायची!

१९७१ साली त्यांचे तैलचित्र रुग्णालयात लागले आणि १९७६ साली जॉन्स हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. तीही वैद्यकशास्त्राची नव्हे, कायद्याची. आयुष्यभर हातात चिमटा-कात्री धरलेल्या माणसाला विधिज्ञ ठरवले गेले. आम्हा वकिलांचा मान वाढला, एवढेच. आता कुठे त्या शस्त्रक्रियेच्या नावात ‘थॉमस’ जोडले जाऊ लागले आहे. त्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर दोनच वर्षांनी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. ते साम्य शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचलेले होते.

येथे प्रश्न असा निर्माण होतो की, एका वंचिताच्या हातांनी घडवलेली ही विद्या आज आपल्या वस्तीतल्या बाळापर्यंत पोहोचते का? दर हजार जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. म्हणजे हे दुखणे दूरचे नाही. रडताना, दूध पिताना बाळ निळे पडते. थोडे मोठे मूल खेळता खेळता दम लागून मध्येच उकिडवे बसते, कारण तसे बसल्याने त्याला बरे वाटते. घरचे म्हणतात पोर नाजूक आहे. शेजारीण म्हणते आईने ग्रहण पाळले नसेल. ओठ फाटलेले बाळ जन्मले तरी दोष ग्रहणाला आणि शेवटी आईलाच. कोणी म्हणते गेल्या जन्मीचे पाप. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासून पाहिला आणि गरिबांच्या दैन्याची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, याखेरीज त्याचा दुसरा हेतू दिसत नाही असे म्हटले. आजारी बाळाच्या बाबतीत तर हे अक्षरशः लागू पडते. पाप म्हटले की सरकार सुटले, इस्पितळ सुटले, फक्त आई अडकली.

आणि जबाबदारी तर कायद्याने ठरलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघर येथे झाली. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हायची असते. जन्मजात हृदयदोष, फाटलेले ओठ-टाळू, वाकडे पाऊल, जन्मजात मोतीबिंदू हे सारे त्या यादीत आहे. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे, तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ साली घेतला. त्यापलीकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, शिवाय बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. ही मेहरबानी नव्हे. विश्वस्त संस्था म्हणून करात आणि इतर बाबतींत ज्या सवलती घेतल्या, त्यांची ही परतफेड आहे.

मग अडते कुठे? बहुतेक वेळा तहसीलदाराच्या दाखल्यापाशी, नाही तर इस्पितळाच्या खिडकीपाशी. ‘खाट रिकामी नाही’ हे तीन शब्द तोंडी सांगितले जातात, लेखी कधीच दिले जात नाहीत. बाप रोजावर जाणारा असेल तर मुंबई-पुण्याच्या प्रत्येक खेपेला त्याचा रोज बुडतो, तिसऱ्या खेपेनंतर तो येत नाही आणि कागदावर ‘पालकांनी पाठपुरावा केला नाही’ अशी नोंद होते. मूल थांबू शकत नाही. हृदयाच्या या दोषाची पूर्ण दुरुस्ती आज सहसा पहिल्या वर्षाच्या आसपास करतात. पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगा खेत मजदूर समितीच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी इस्पितळांनी परत पाठवले होते. वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि भरपाई द्यायला लावली.

कार्यकर्त्यांनी तोंडी भांडण करण्यात वेळ घालवू नये. नकार दिला की लेखी मागावा. दिला नाही तर त्याच दिवशी तारीख, वेळ घालून धर्मादाय सहआयुक्तांकडे अर्ज करावा आणि पोच घ्यावी. त्या रुग्णालयातील राखीव खाटा आणि निर्धन रुग्ण निधीची शिल्लक माहितीच्या अधिकाराखाली त्याच कार्यालयातून मागता येते. तपासणीत दोष सापडूनही शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या मुलांची संख्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडे मागावी. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. परंतु माहिती कोणाच्या जीविताशी निगडित असेल तर कलम ७(१) प्रमाणे ती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जाच्या पहिल्याच ओळीत बाळाचे वय लिहून या कलमाचा उल्लेख करावा.