एक गोधडी स्वतःसाठी

दुपारची भांडी उरकली असतील तर जरा टेका. आज आपण अशा कामाबद्दल बोलू, ज्याची मजुरी मिळत नाही आणि जे केलं नाही म्हणून घरात कुणी रागावतही नाही.

आमच्या गटातली एक मैत्रीण खुरपणीला जाते. उन्हाळ्यात रानातलं काम कमी झालं की ती जुनी लुगडी काढते. धुऊन वाळवून एकावर एक अंथरते, वर रंगीत तुकडे लावते आणि कडेपासून धावदोरा घालत मध्यापर्यंत येते. बैठकीत आम्हीच तिला म्हणालो, "एवढं छान शिवतेस, विकत का नाहीस?" तिनं चार ऑर्डरी घेतल्या. पैसे आले, मुलीची फी भरली. पण पुढच्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "बायांनो, ऑर्डरी घेईन, पण आधी एक माझी शिवणार."

आम्हाला नवल वाटलं. तेव्हा तिनं समजावलं, "ऑर्डरीच्या गोधडीत रंग गिऱ्हाइकाचा, माप त्याचं, तारीखही त्याचीच. माझ्या गोधडीत हिरव्याशेजारी जांभळा लावायचा का, ते मी ठरवते. चुकलं तर मीच उसवते."

यातलं "मी ठरवते" महत्त्वाचं आहे. आपल्या दिवसातल्या किती गोष्टी आपण ठरवतो? भाजी घरच्यांच्या आवडीची, कामाची वेळ मालकाची, पाण्याची वेळ नळाची. शिवाय केलेलं काम उरत नाही. भाकरी खाल्ली जाते, झाडलेलं अंगण सांजेला पुन्हा भरतं. गोधडी मात्र उरते. "हे मी केलं" असं बोट ठेवून दाखवता येतं.

हे काही आजचं खूळ नाही. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसत. पीठ घरादारासाठी होतं, पण ओवी त्यांची स्वतःची होती. आईची आठवण, भावाची वाट, सासरचं दुखणं, विठोबाशी भांडण, सगळं त्यात आलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या साथीदारांबरोबर अशा ओव्या गोळा केल्या. त्या 1 लाखाच्या वर भरल्या.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात राबताना त्या गाणी रचत, घरातली मुलं ती टिपून ठेवत. पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्यानंतर. म्हणजे गाणं रचताना समोर ना पैसा होता, ना नाव. तरी त्या रचत राहिल्या.

विकू नका, असं आम्ही म्हणत नाही. कमाई हवीच. पण जे जे हाताला येतं ते सगळंच बाजारात नेलं, तर आपल्यासाठी काय उरलं? एखादी वस्तू विकायची नाही, हेही आपणच ठरवावं.

आता तुम्ही म्हणाल, वेळ कुठून काढायचा? खरं आहे. नुसतं "वेळ काढा" म्हणून वेळ निघत नाही, कुणीतरी आपलं एक काम घ्यावं लागतं. आमच्या मैत्रिणीच्या मुलानं पाणी भरायचं घेतलं, तेव्हा तिला दुपारचा तास मिळाला. घरात हे स्पष्ट बोला. आठवड्यात दोनच दुपारी मागा, पण त्या ठरलेल्या असू द्या.

गोधडीच हवी असं नाही. परसात फुलझाडं लावा, रांगोळीची नवी नक्षी काढा, वहीत चार ओळी लिहा. सासूबाईंना ओव्या येत असतील तर त्यांच्याजवळ बसून शिका, मोबाईलवर त्यांचा आवाज भरून ठेवा. मग त्याच चालीवर स्वतःची एक ओवी रचून बघा.

आमच्या गटानं एक रीत पाडली आहे. बचतीचा हिशेब मिटला की एकीनं आपण केलेलं काहीतरी दाखवायचं. बाकीच्यांनी पाहायचं, विचारायचं, पण एक प्रश्न विचारायचा नाही: "कितीला देणार?"

आमच्या मैत्रिणीनं ती गोधडी कुणाला दिली नाही. थंडीत ती स्वतःच पांघरते. पुढच्या बैठकीत तुम्ही काय दाखवाल, ते आजच ठरवा.