सहा चाके, एकच नळी : एम३५ ट्रकचे ब्रेक

एम३५ हा अमेरिकी सैन्याचा मालवाहू ट्रक. त्याला तीन एक्सल असतात आणि तिन्हींना इंजिनाची ओढ मिळते. दुसऱ्या महायुद्धात जीएमसीच्या सीसीकेडब्ल्यू ट्रकांनी रसद वाहिली. त्यांच्या जागी येण्यासाठी मिशिगनमधल्या लॅन्सिंगच्या रिओ कंपनीने हा ट्रक घडवला आणि १९५० च्या सुमारास तो सैन्यात दाखल झाला. कोरियापासून व्हिएतनामपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक दशके तो चालत राहिला. त्याची क्षमता वेड्यावाकड्या जमिनीवर अडीच अमेरिकी टन, म्हणजे सुमारे २,२७० किलो, आणि पक्क्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट. रिकामा ट्रकच सहा टनांच्या जवळ भरतो. सैन्याने लिलावात काढलेले हे ट्रक पुढे शेतांवर, जंगलांत, गावोगावच्या अग्निशमन दलांत आणि हौशी मालकांच्या अंगणात पोहोचले. त्यांची इंजिने दांडगी आणि सांगाडा चिवट. ब्रेकची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि हा ट्रक घेणाऱ्याने सगळ्यात आधी लक्ष घालावे ते तिथेच.

या ट्रकाचा ब्रेक पूर्ण हवेचा नाही आणि निव्वळ ऑइलचाही नाही. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलचा दाब निघतो आणि चासीवर बसवलेल्या एअर-पॅक नावाच्या यंत्रात जातो. त्या दाबाने एअर-पॅकमधला व्हॉल्व्ह उघडतो, टाकीतली दाबाखालची हवा आत शिरते आणि एका मोठ्या पिस्टनला ढकलते. तो पिस्टन पुढच्या लहान पिस्टनवर जोर देतो आणि कित्येक पटींनी वाढलेला ऑइलचा दाब चाकांच्या सहाही जागी पोहोचतो. तिथे ड्रमच्या आत व्हील सिलिंडर दोन ब्रेक शू फाकवतो आणि त्यांचे लायनिंग ड्रमवर घासते. हवेचा दाब चौरस इंचाला ६० पौंडांच्या आसपास उतरला की केबिनमध्ये बझर वाजू लागतो. हवा पूर्ण गेली तरी ऑइलचा मार्ग खुला असतो. पेडल भलतेच जड होते, पण पायाच्या जोरावर थोडाफार ब्रेक लागतो.

भारतात आज धावणाऱ्या अवजड ट्रकांशी हे ताडून पाहावे. तिथे ब्रेक पूर्ण हवेचा असतो आणि हवा संपली की मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगा आपोआप ब्रेक लावतात. बिघाड झाला तर गाडी थांबते. एम३५ मध्ये हवेच्या बिघाडावर उपाय आहे, ऑइलच्या बिघाडावर नाही. मास्टर सिलिंडरमधून एकच नळी निघते, एकाच एअर-पॅकमध्ये जाते आणि तिथून सहाही चाकांना फाटे फुटतात. यांतला एक रबरी होज फुटला, एक गंजकी नळी चिरली किंवा एका व्हील सिलिंडरचा वॉशर गळू लागला, की सगळ्याच चाकांचा ब्रेक जातो. पेडल थेट फळीला टेकते. अमेरिकेत कॅडिलॅक आणि रॅम्बलर या मोटारींना १९६२ मध्येच दोन स्वतंत्र भागांचा मास्टर सिलिंडर आला होता आणि १९६८ पासून नव्या प्रवासी मोटारींना अशी विभागणी सक्तीची झाली. सैन्याचा हा ट्रक मात्र एम३५ए२ या त्याच्या सर्वाधिक परिचित रूपातही एकाच मार्गावर चालत राहिला.

त्यात आणखी एक अडचण आहे. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खालच्या बाजूला चासीवर बसवलेला असतो. ऑइल पाहायचे तर फळीतले झाकण उघडून वाकून पाहावे लागते, म्हणून ते पाहिलेच जात नाही. एअर-पॅकमधले सील झिजले तर ऑइल हवेच्या बाजूला झिरपते. अशा वेळी चाकांपाशी किंवा जमिनीवर एक थेंबही दिसत नाही, तरी मास्टर सिलिंडर हळूहळू रिकामा होत जातो. दर आठवड्याला ऑइल थोडे थोडे भरावे लागत असेल आणि गळती सापडत नसेल, तर एअर-पॅक उतरवून उघडणे हाच मार्ग.

सुधारणेचा विचार करण्याआधी दुरुस्ती पूर्ण झालेली असली पाहिजे. जुन्या, गळक्या ब्रेकवर नवे सुटे भाग चढवणे हा पैशाचा अपव्यय आहे आणि धोकाही. दुरुस्तीची सुरुवात चाकांपासून होते. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेला माणूस पाना लावून जोर करतो आणि बोल्ट तोडतो. चाक काढले तरी ड्रम निघत नाही, कारण तो हबच्या मागे, आतल्या अंगाला बसवलेला आहे. त्यासाठी एक्सलचा शाफ्ट ओढून काढावा लागतो, मग बेअरिंगचे मोठे नट आठकोनी सॉकेटने सोडवायचे, आणि नंतर हब व ड्रम एकत्र बाहेर काढायचे. हे वजन एकट्याने पेलण्यासारखे नाही; खाली ट्रॉली किंवा फिरता जॅक हवा. ट्रक जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवायचा आणि उरलेल्या चाकांना अडण लावायची.

या रचनेमुळे ब्रेकचे काम करणाऱ्याला बेअरिंगचेही काम करावेच लागते. एकदा हब निघाला की जुने ग्रीस धुऊन बेअरिंगच्या रोलरवर खड्डे किंवा निळसर डाग आहेत का ते पाहायचे, नवे ग्रीस भरायचे आणि सील बदलायचे. सील ही वस्तू स्वस्त असते, पण या सगळ्या कामाचा जीव तिच्यात आहे. ती गळली की एक्सलमधले गिअर ऑइल लायनिंगवर उतरते, त्या चाकाचा ब्रेक निसटतो आणि दाबताना ट्रक दुसऱ्या बाजूला ओढतो. ऑइल प्यायलेले लायनिंग पेट्रोलने पुसून किंवा भाजून पुन्हा वापरण्याची पद्धत सगळीकडे दिसते. गरम झाले की तेच ऑइल पुन्हा वर येते. ते लायनिंग बदलायलाच हवे. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चालावे. ड्रममधली धूळ हवेच्या फवाऱ्याने कधीही उडवू नये, ओली करून पुसून घ्यावी.

व्हील सिलिंडर उघडला की आतली भिंत बोटाने चाचपायची. गुळगुळीत असेल तर नवे वॉशर घालून भागते. गंजाचे खड्डे असतील तर सिलिंडरच बदलावा, कारण नवा वॉशर त्या खड्ड्यांवर महिनोन्‌महिने टिकत नाही. रबरी होज बाहेरून धडधाकट दिसले तरी आतून फुगलेले असू शकतात. तसे झाले की ऑइल दाबाने जाते पण परत येत नाही. पेडल सोडल्यावरही चाक अडकून राहते आणि ड्रम तापत जातो. वय माहीत नसलेले सगळे होज एकदमच बदलणे शहाणपणाचे. नळ्यांचे तसेच: चिखलात आणि बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यावर राहिलेल्या लोखंडी नळ्या क्लिपखाली गंजतात, जिथे नजर पोहोचत नाही.

ऑइलच्या प्रकारावरून या ट्रकांबाबत फार गोंधळ होतो. १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्याने आपल्या गाड्यांत साधे ग्लायकोल ऑइल सोडून जांभळट रंगाचे सिलिकोन ऑइल, म्हणजे डॉट ५, भरायला घेतले. साधे ऑइल हवेतला ओलावा शोषते. कोरड्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, ओलावा शिरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. वर्षानुवर्षे गोदामात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे परवडणारे नव्हते. सिलिकोन ऑइल पाणी शोषत नाही आणि रंगही खराब करत नाही. पण शिरलेले पाणी त्यात मिसळतही नाही, ते नळीच्या सखल भागी साचून तिथेच गंज धरते. त्यात हवेचे बारीक बुडबुडे चटकन अडकतात, म्हणून ते हलवू नये, संथपणे ओतावे. ही दोन ऑइले एकमेकांत मिसळत नाहीत. डॉट ५.१ हे नाव जवळचे वाटले तरी ते ग्लायकोलचेच आहे. प्रकार बदलायचा तर नळ्या धुऊन आणि सगळे रबर बदलूनच बदलावा.

ऑइलच्या नळ्यांत अडकलेली हवा काढताना आधी एअर-पॅकमधली आणि मग चाकांपाशी असलेली काढतात, लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे. नळ्या लांब आणि चढउताराच्या असल्याने पेडल पंप करून काम रेंगाळते. मास्टर सिलिंडरवर दाबाची टाकी जोडून ऑइल ढकलले तर ते नीट होते. त्यानंतर शूचे सेटिंग. वरच्या कॅमने शू ड्रमला लागेपर्यंत आणायचा आणि चाक मोकळे फिरेल इतकाच मागे घ्यायचा. नवे लायनिंग बसवले असेल तर खालच्या अँकर पिनाही फिरवून शूची दोन्ही टोके ड्रमशी जुळवावी लागतात. हे काम टाळले की लायनिंगचा एक कोपराच घासत राहतो. पेडलला थोडा मोकळा खेळ ठेवणेही तितकेच गरजेचे. तो नसेल तर तापलेल्या ऑइलला परतीचे छिद्र उघडे मिळत नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जातात.

हाताचा ब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टवर आहे. लिव्हरच्या टोकावरची मूठ फिरवून तो कमी-जास्त आवळता येतो. उभा ट्रक धरून ठेवण्यासाठी तो आहे. पळता ट्रक त्याने थांबवायला जाणे म्हणजे प्रोपेलर शाफ्ट आणि गिअर यांच्यावर सगळा भार टाकणे.

उताराचे गणित वेगळे पाहावे लागते. पूर्ण भरलेला, साडेदहा टनांच्या घरातला हा ट्रक ताशी ८० किलोमीटरवरून एकदा थांबवला की सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता ड्रममध्ये जाते. आठ लिटर पाणी उकळीला येईल इतकी. सहा टक्के उतारावर ताशी ४० च्या वेगाने तो उतरत असेल तर दर सेकंदाला सुमारे ६५ हजार ज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. तापलेला ड्रम फुगतो आणि शूपासून लांब जातो, पेडल खाली जात राहते. डिझेल इंजिनाला हवेची झडप नसल्याने त्याचा स्वतःचा रोध मर्यादित असतो. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यावा. धुराच्या नळीत झडप बसवून मिळणारा एक्झॉस्ट ब्रेक ही या ट्रकाला करता येणारी स्वस्त आणि उपयोगी सुधारणा आहे.

सुधारणांमध्ये पहिला मान मार्ग दुभागण्याला द्यायला हवा, डिस्क ब्रेकला नव्हे. डिस्क दिसायला आकर्षक असते, पण एकाच नळीवर सहा डिस्क लावल्या तरी ती नळी फुटल्यावर सहाही निकामीच होतात. दुभागणीसाठी दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि दोन एअर-पॅक लागतात: एक पुढच्या एक्सलसाठी, दुसरा मागच्या दोन्हींसाठी. १९९० च्या दशकात सैन्याने स्वतः जेव्हा एम३५ए३ या नावाने हे ट्रक नवे केले, तेव्हा कॅटरपिलरचे इंजिन आणि स्वयंचलित गिअरबॉक्स यांच्या जोडीला दुभागलेला ब्रेकही दिला. दोन्ही एअर-पॅकना एकाच टाकीतून हवा दिली तर एका बाजूच्या गळतीत दोन्हींची हवा जाईल. त्यांना वेगळ्या टाक्या आणि मध्ये एकेरी व्हॉल्व्ह हवा. एक मार्ग निकामी झाल्यावर पेडल बरेच खाली गेल्याशिवाय दुसरा दाब धरत नाही. म्हणून बसवल्यावर एका मार्गाचा ब्लीडर, म्हणजे हवा काढण्याचा स्क्रू, मुद्दाम उघडून पेडल दाबून पाहावे: फळीला टेकण्याआधी दुसऱ्या मार्गाची चाके अडली पाहिजेत. मग हीच चाचणी उलट बाजूने.

डिस्कचे फायदे खरे आहेत. ती पाण्यातून निघाली की लवकर सुकते, चिखल धरून ठेवत नाही, आणि तापल्यावर पॅडपासून लांब न जाता त्यांच्याकडे फुगते. या ट्रकाला विशेष साधनांशिवायही ३० इंच पाण्यातून जाता येते, आणि भिजलेल्या ड्रमचा ब्रेक पेडल हलके दाबून सुकवेपर्यंत भरवशाचा नसतो. पण ड्रममध्ये पुढचा शू फिरण्याच्या दिशेनेच ओढला जाऊन स्वतःचा जोर वाढवतो; डिस्कला तसे साहाय्य नाही. तिला जास्त दाब आणि कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनांसाठी जास्त ऑइल लागते. त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि एअर-पॅक पुरे पडतात का, हे आधी मोजावे लागते. ड्रमसाठी नळीत थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असेल तर तोही काढावा, नाहीतर पॅड सतत घासत राहतात.

या ट्रकाचे रॉकवेल एक्सल दगडधोंड्यांवर चालणाऱ्या हौशी गाड्यांमध्येही फार वापरले जातात, आणि तिथे पिनियन ब्रेकची पद्धत रुजली आहे. या एक्सलचे गिअर प्रमाण ६.७२ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात पिनियन, प्रोपेलर शाफ्टला जोडलेला लहान गिअर, ६.७२ वेळा फिरतो. पिनियनवर बसवलेल्या लहान डिस्कचा पीळ चाकांपाशी तितक्याच पटींनी वाढतो, आणि डिस्क चिखलापासून उंच राहते. हब उघडण्याचे कष्टही वाचतात. दगडांवर, कासवगतीने, हे छान चालते. रस्त्यावर मात्र ती लहान डिस्क चाकापेक्षा जवळजवळ सातपट वेगाने फिरते आणि सगळी उष्णता तिच्यात साठते. ब्रेकचा भार गिअर आणि शाफ्टमधून जातो. शाफ्ट तुटला तर त्या चाकाचा ब्रेकही गेला. डिफरन्शियल लॉक केलेले नसेल आणि एक चाक हवेत असेल, तर पिनियन अडवूनही जमिनीवरचे चाक फिरू शकते, कारण वरचे चाक उलटे फिरून त्याला वाट देते. रस्त्यावर चालणाऱ्या ट्रकाला पिनियन ब्रेक हा एकमेव ब्रेक म्हणून लावणे चूक आहे.

काम संपल्यावर ट्रक लगेच रस्त्यावर न्यायचा नसतो. हवा पूर्ण भरून, उभ्या ट्रकात पेडल जोराने दाबून धरायचे आणि दुसऱ्या माणसाने खाली प्रत्येक जोड पाहायचा. मग मोकळ्या आवारात, माणसाच्या चालीच्या वेगाने. मग ताशी ३० किलोमीटरवरून थांबून पाहायचे, दर वेळी ड्रम निवू देत. शेवटी थोडे अंतर चालवून सहाही जागांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजायचे. एखादी जागा इतरांपेक्षा फार तापली असेल तर तिथला शू आवळलेला आहे किंवा होज फुगलेला आहे. एखादी थंडच राहिली असेल तर त्या चाकापर्यंत ब्रेक पोहोचतच नाही. नवे लायनिंग ड्रमवर बसत गेले की काही दिवसांनी कॅम पुन्हा लावावे लागतात, आणि त्याच वेळी चाकांचे नटही पुन्हा आवळून घ्यायचे.