आखाजीच्या आधीचा शनिवार

सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या कापड मिलांमध्ये ज्याची त्याची रजा ठरलेली असते. ओडिशाची पोरं रथयात्रेला जातात, बिहारची छठला आणि आम्ही खानदेशी आखाजीला. अक्षय्य तृतीया बाकी महाराष्ट्रात सोनं घ्यायचा मुहूर्त असेल. आमच्याकडे लेकींचा सण आहे. सासुरवाशीण माहेरी येते, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात.

यंदा आखाजी सोमवारी आली आणि सोमवार आमचा नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे बायकोच्या डायलिसिसचे वार. दर वेळी चार तास. शुक्रवारी मशीनवरून उतरल्यापासून सोमवारी पुन्हा चढेपर्यंतचा काळ आठवड्यातला सगळ्यात लांब आणि सगळ्यात जपायचा. माहेर बसवायचं ते तेवढ्यातच. मी जेटवर कापड रंगवतो; सुपरवायझरला सांगून दोन खाडे घेतले. शनिवारी जायचं, रविवारी परत. आखाजीआधीच आखाजी करायची, असं शालकानं फोनवर सांगून टाकलं.

पहाटे ४

उठल्याबरोबर वजन. ५१.४ किलो. काल मशीनवरून उतरताना ५१ होतं. अंगात साठतं ते पाणीच, म्हणून काटा हेच आमचं पंचांग. सोमवारपर्यंत अडीच किलोच्या आत राहायला हवं.

मग ती उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटाच्या वर ठेवते. तिथं फिस्टुला आहे, शीर आणि धमनी जोडलेली. आत बारीक घरघर लागली पाहिजे. लागली. आता बाकीचं आवरायचं.

पिशवीत आधी फाइल. शेवटच्या डायलिसिसचा कागद आणि हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही यांचे ताजे रिपोर्ट. वाटेत अडकलोच तर दुसऱ्या गावचं सेंटर हे बघितल्याशिवाय मशीनला लावत नाही; कावीळवाल्यांचं मशीन वेगळं ठेवावं लागतं. शिवाय आयुष्मान कार्ड. ते राज्याच्या हद्दीपलीकडेही चालतं. साडीच्या घड्या तिनं स्वतः घातल्या. दोन दिवसांना चार साड्या. मी काही बोललो नाही.

५ वाजता

चौकात ट्रकांची रांग. मुंबई-अहमदाबाद हायवेला रात्र नसतेच. चलथाण स्टेशन आम्हाला हाकेच्या अंतरावर, पण आमची गाडी तिथं थांबत नाही. म्हणून रिक्षानं उलटं उधन्याला जायचं, आणि तासाभरानं त्याच गाडीतून चलथाण मागं पडताना बघायचं. रिक्षावाल्याला आधीच सांगितलं, गतिरोधकाला हळू. तो जळगावकडचा निघाला. "माहेरले का?" त्यानं आरशातून विचारलं. हिनं मान डोलावली आणि पदर नीट केला.

६ वाजून १० मिनिटं

गाडी सुटली. डायलिसिसच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला रेल्वे स्लीपरच्या भाड्यात पंचाहत्तर टक्के सूट देते, पण ती उपचाराला जाण्यासाठी. आईला भेटायला जाण्यासाठी नाही. पूर्ण भाडं भरलं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला खालचा बर्थ मिळायची सोय आहे, ती मात्र कामी आली. हिला खिडकीशी टेकवलं, डावी बाजू आतल्या अंगाला. येणाऱ्या-जाणाऱ्याची पिशवी त्या हातावर आदळू नये.

बारडोलीच्या आसपास उसाची शेतं, पुढं व्याऱ्यापासून साग. चहावाला आला. दिवसाचं पाणी ८०० मिली, त्यात चहा, ताक, डाळीचं पाणी सगळं धरायचं. तिनं अर्धा कप घेतला. उरलेला मी.

८ वाजता

नवापूर. १९६० साली मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि हद्द नेमकी या स्टेशनातून गेली. एकाच फलाटाचा एक तुकडा गुजरातेत, एक महाराष्ट्रात. बाकड्यावरही दोन नावं. माहेरी जाताना हिचा इथं ठरलेला एक कार्यक्रम असतो: गाडी हलली की भावाला फोन. "हद्दीत आले." आजही केला.

माझा हिशेब दुसराच. गरज पडली तर १०८ दोन्ही बाजूंना लागतो, पण इथून मागं सुरत जवळ आणि पुढं धुळ्याचं मोठं सरकारी रुग्णालय. आडवं झाल्यावर दम लागला, पायातलं बळ गेलं, छातीत धडधडलं तर वाट बघायची नाही. हे सगळं माझ्या डोक्यात असतं, तिच्यासमोर बोलत नाही. तिनं खिडकीतून बघावं.

९ वाजून ४० मिनिटं

दोंडाईचा. शालक मोटार घेऊन आला होता. त्यानं सवयीनं बहिणीचा डावाच हात धरला. तिनंच सोडवून उजवा पुढं केला. "तो हात लाइटीचा आहे, शॉक लागंल." तो हसला, मग बराच वेळ गप्प गाडी चालवत राहिला.

११ वाजता

सासूबाई ओट्यावरच होत्या. "कशी शे व माय?" एवढंच विचारलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. खानदेशात उन्हातून आलेल्याला पहिलं पाणी द्यायचं. लेकीनं तांब्या हातात घेतला, दोन घोट प्यायली, बाकीच्यानं पाय धुतले. म्हातारीला आजार कळतो. घरी आलेली लेक पाणी पीत नाही, हे कळत नाही.

बांगड्या भरायला कासारीण बोलावली होती. ती सवयीप्रमाणं डाव्या हाताला लागली. हिनं हात मागं घेतला. त्यात आवळ काही नको, त्या हातावर बीपी मोजायचं नाही, सुई नाही. "एकाच हातात भर, पण डझनभर भर." कासारीण बघत राहिली, मग सासूबाईंकडं बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं. हिरव्या बांगड्या उजव्या हातात जवळजवळ कोपरापर्यंत गेल्या.

१ वाजता

खरं काम जेवणाच्या वेळी. आठवडाभर आधी वहिनीला फोनवर सांगितलं होतं: भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी टाकायचं, मग फोडणी. त्यानं पोटॅशियम उतरतं. मीठ अगदी कमी. आणि 'लो सोडियम' म्हणून मिळतं ते मीठ तर नकोच, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. केळी, नारळपाणी, रस बंद.

वहिनीनं सगळं पाळलं. फक्त एक तिच्या जिवावर आलं होतं. शिंदखेडा तालुक्यात उन्हाळ्यात पाणी टाकून द्या म्हणायचं म्हणजे काय! तिनं भाजीचं पाणी गार करून गाईला पाजलं. यावर कोणाही डॉक्टरला हरकत घेता येणार नाही.

पण खापरावरची पुरणपोळी होतीच. ओसरीभर तुपाचा वास, आमरसाचं पातेलं. हिच्या ताटात वांगं, दोन भाकरी, भाताची मूद. तिनं पुरणपोळीचा चतकोर मागितला, त्यावर तूप, आणि जेवणाबरोबरची फॉस्फरसची गोळी घेतली. रसाच्या पातेल्याकडं बघितलं नाही. बाकीच्यांनीही वाट्या लपवायला सुरुवात केली तेव्हा मात्र ती बोलली. "खा रे. मी काय दृष्ट लावतेय का?" मग सगळे जेवले.

३ वाजता

बघायला माणसं. बाहेर बेचाळीसच्या वर ऊन, आत दहा बाया. कुणी मुळी सुचवली, कुणी काढा. कुठल्याशा महाराजाचं नाव आलं. ही सगळ्यांचं ऐकून घेते, हो म्हणते. काढे मी पिशवीत भरतो आणि कडोदऱ्याला जाऊन ओततो. किडनी गेलेल्या माणसाला झाडपाला विष होऊ शकतो. एक म्हातारी विचारून गेली, "बदली का नाही करत?"

घरात एकदम सामसूम झाली. हा शब्द या घरात आजवर कुणी काढला नव्हता. निघायच्या आधीच हिनं मला बजावलं होतं: "मी माहेरी चाललेय, मागायला नाही." अहमदाबादच्या किडनी इन्स्टिट्यूटमध्ये नाव लावलेलं आहे. मी देऊ शकत नाही, मला साखर आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यानं जवळचे म्हणून जे मोजले आहेत, त्यात भाऊ येतो. हे या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणूनच कुणी बोलत नाही.

४ वाजून ३० मिनिटं

शालकानं मला कापसाच्या खोलीकडं नेलं. "दाजी, माझी तपासून घ्या." वहिनीला सांगितलंय का, विचारलं. नाही म्हणाला.

मी आभार मानले नाहीत. आभार मानले की सौदा झाला. एवढंच म्हटलं, आधी घरात बोल. दोन पोरं आहेत, जमीन तूच कसतोस. ऑपरेशननंतर महिना-दोन महिने जड उचलता येत नाही. वहिनी नको म्हणाली तर तुझ्यावर राग नाही, तिच्यावर तर नाहीच.

६ वाजता

ऊन उतरलं. निंबाचा झोका आठ दिवसांपासून बांधलेला. पोरींनी आत्याला बसवलं. मला दोर तपासायचा होता. तिनं हातानंच लांब केलं. झोका फार उंच गेला नाही. पण गाणी तिनंच सुरू केली, विसरलेल्या ओळी सासूबाईंनी जोडल्या, वहिनी पीठ मळायचं सोडून बाहेर आली. अर्धा तास मी फाइल घेऊन ओट्यावर बसलो होतो, आणि मला कुणी काही विचारलं नाही.

८ वाजता

घरात वजनकाटा नाही, पण कापूस मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. गोणपाट झटकून तिला वर उभं केलं. ५२.३. पोरं आरडाओरडा करत भाव विचारायला लागली. "क्विंटलला सात हजार," ती म्हणाली, "आणि ओलावा धरू नका."

९ वाजून ३० मिनिटं

दोन उशा घेऊन ती आडवी झाली. दम नाही. तिनं विचारलं, भाऊ काय म्हणाला. लपवून उपयोग नव्हता, सांगितलं.

"वहिनीला कळलं पाहिजे आधी."

"तेच बोललो."

"आणि तिनं हो म्हटलं तरी मी विचार करीन. माझं पोट भरायला मी त्याचं शेत मोडणार नाही." जरा थांबून म्हणाली, "पण त्यानं विचारलं, हे बरं झालं."

उद्या सकाळी स्वतःच वहिनीशी बोलायचं, असं तिनं ठरवलं. आखाजी झाली की दोघांनी कडोदऱ्याला यायचं, डॉक्टरसमोर बसायचं, तिथं दोघांनी प्रश्न विचारायचे आणि हवं तर तिथंच नाही म्हणायचं. दुपारची परतीची गाडी पकडायची आहे, सोमवारी सकाळी सातची पाळी आहे. मी गजर लावला. चार साड्यांपैकी दोन अजून नेसायच्या राहिल्यात, तेव्हा निघायच्या आधी एकदा बदलीन म्हणाली.